सरांनी सोडून दिलेला धडा

बारावीचा आनुवंशिकतेचा धडा मी निवृत्त होईपर्यंत शिकवला आणि दर वर्षी तो काढताना मनातल्या मनात सरांना चार शब्द सुनावले. कारण धडा माझा नव्हताच. मी वनस्पतिशास्त्राची बाई. पानं, खोडं, मुळं यांत माझा जन्म गेला. हा धडा सरांचा होता. कल्याणच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र ते शिकवायचे आणि वर्षभर या एका धड्याची वाट बघत असायचे. मग एका जूनमध्ये त्यांनी माझ्या टेबलावर पुस्तक आणून ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, हा धडा यापुढे तुम्ही घ्या." मी म्हटलं, "का हो? बरं नाही का?" तर म्हणाले, "बरा आहे. कंटाळलो."

कंटाळलो म्हणे! त्या माणसाला आणि या विषयाचा कंटाळा? स्टाफरूममध्ये कुणाचा विश्वास बसला नाही. खरं कारण मला माहीत होतं, पण मी सांगत बसले नाही. मला डोंबिवलीला पोचून कुकर लावायचा असायचा, वर पेपरांचे गठ्ठे असायचे, कोण कुणाला काय समजावत बसणार? आता वेळच वेळ आहे आणि ऐकायला कुणी नाही, म्हणून लिहितेय.

मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, राहता कुठे, मिस्टर काय करतात. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या कानांकडे बघितलं आणि म्हणाले, "पाळ्या चिकटलेल्या आहेत तुमच्या. आईच्या की वडिलांच्या?" मी गांगरलेच. नवी नोकरी, नवी साडी, आणि हा वाकलेला, लांबलचक गृहस्थ शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग घेऊन माझ्या कानाच्या पाळ्यांची चौकशी करतोय. घरी जाऊन आरशात बघितलं. वडिलांच्याच होत्या. इतकी वर्षं मला पत्ता नव्हता.

लॅबच्या कपाटात त्यांनी चिलटं पाळलेली. हो, केळ्यांवर बसतात ती चिलटं. दुधाच्या जुन्या बाटल्या, तोंडाला कापसाचा बोळा, आत पिचलेलं केळं आणि त्यावर लाल डोळ्यांच्या नि पांढऱ्या डोळ्यांच्या चिलटांची कुटुंबं. कुणाला कुणापासून किती पोरं झाली, सगळा हिशेब सरांना तोंडपाठ. केळी ते मंडईतून आणायचे, तीही काळी पडलेलीच मागून. तो केळेवाला त्यांना ती फुकट द्यायचा. एकदा मी भाजी घेत होते तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, तुमच्या कॉलेजात पगार होत नाय का वो? मास्तर रोज सडकी केळी खातात." मी हसत सुटले, पण त्याला काय समजावणार? मान हलवली झालं. एका दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या शिपायाने साफसफाईच्या भरात ते कापसाचे बोळे मळके म्हणून काढून फेकले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या चहात चिलटं. सर डोक्याला हात लावून बसलेले. "चार पिढ्या उडाल्या हो, चार पिढ्या!"

विद्यार्थ्यांच्या लग्नांना मात्र ते हटकून जायचे. जेवणात त्यांना गम्य नव्हतं. ग्रुप फोटोची वेळ झाली की ते फोटोग्राफरच्या मागे जाऊन उभे राहायचे. दोन्हीकडची मंडळी ओळीने उभी राहिली की ह्यांचं सुरू. "हनुवटीवरची खळी बघा मॅडम. आजोबांची थेट नातवात. मधल्या बापाला वगळून गेली." आपण हळू बोलतोय असा त्यांचा समज होता. ठाण्यातल्या एका हॉलमध्ये त्या मधल्या बापाने ते ऐकलं आणि बाह्या सरसावत आला. मी मधे पडले, सरांचा तोल गेलाय, ऊन लागलंय, काय वाटेल ते सांगितलं. सर मात्र परत येताना चिडलेले. "मी कौतुकच करत होतो. लोक लगेच घराण्याच्या अब्रूवर का जातात?"

ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांच्या लेखी घराणं म्हणजे पत्त्यांचा डाव, पिसला की वेगळी पानं येणार, त्यात अभिमान कसला आणि लाज कसली? 'त्यांच्या रक्तातच आहे ते' असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. नव्वदच्या सुमारास राखीव जागांवरून स्टाफरूममध्ये रोज जुंपायची. आमचे गणिताचे एक सहकारी एकदा डबा खाता खाता म्हणाले, "काही घराण्यांत डोकं असतं, काहींत नसतं. हे तर तुमचंच शास्त्र सांगतं, सर." सरांनी हातातली पोळी खाली ठेवली. "माझं शास्त्र असलं काही सांगत नाही. रक्तात साखर असते, मीठ असतं, लोह असतं. गणित नसतं. असतं तर तुम्हाला पगार देऊन इथे कशाला बसवलं असतं?" आणि पुन्हा पोळी उचलून जेवायला लागले. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. मी त्यांना माझ्या डब्यातलं लोणचं दिलं.

त्यांचा स्वतःचा मुलगा सायन्सला गटांगळ्या खाऊन शेवटी वरातीच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायला लागला. लोक टोमणे मारायचे, आनुवंशिकतेच्या सरांचा मुलगा बघा म्हणून. सर खूश. "आमच्या घरात कुणाला सूर माहीत नाही. मला नाही, बायकोला नाही. ह्याला कुठून मिळाला? माहीत नाही. 'माहीत नाही' हे उत्तर मला फार आवडतं, मॅडम."

पण पेपर तपासायला बसले की हा प्रेमळ माणूस कसाई व्हायचा. 'मुलाला हा गुण आईकडून येईल' असं कुणी लिहिलं की अर्धा मार्क गेला. 'येण्याची शक्यता असते' असं हवं. पोरं रडायची, पालक भांडायला यायचे, प्रिन्सिपॉल विनवायचे. सर ढिम्म. "अर्ध्या मार्काने कुणी मरत नाही. चुकीच्या वाक्याने मरतं." असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातून पुढे जे झालं, ते आता सांगते.

राखीव जागांची भांडणं थंडावली होती, त्यानंतरचं हे वर्ष. आमच्या वर्गात निम्मी मुलं रेल्वेवाल्यांची असायची, त्यामुळे रंगांधळेपणाचं उदाहरण सरांचं लाडकं. लाल आणि हिरव्यातला फरक काही जणांना दिसत नाही. इंजिनावर ड्रायव्हर व्हायचं तर रेल्वे हे आधी तपासते, म्हणून पोरंही कान देऊन ऐकायची. सरांकडे जुन्या बाजारातून आणलेलं एक ठिपक्यांचं पुस्तक होतं. पानभर रंगीत ठिपके आणि त्यांत लपलेला एक आकडा. ज्याला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही त्याला आकडा दिसत नाही. दर वर्षी हे पुस्तक बाकांवरून फिरायचं, सगळी पोरं धडाधड आकडे वाचायची आणि सर हिरमुसायचे.

त्या वर्षी एक मुलगा पहिल्याच पानाला अडला. "सर, यात आकडा कुठाय?" मी शेजारच्या लॅबमध्ये होते. भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला, "सापडला! अरे, सापडला!" काय पडलं-झडलं की काय म्हणून मी धावत गेले. बघते तर त्यांनी त्या मुलाला पुढे आणून उभं केलेलं, त्याची पाठ थोपटत होते आणि वर्ग टाळ्या वाजवत होता. मुलगाही बिचारा हसत होता, बक्षीस मिळाल्यासारखा. मग सरांनी फळ्यावर त्याच्या घरचा तक्ता काढला. वडील चौकोन, आई वर्तुळ. "वडिलांचे डोळे कसे?" "चांगले आहेत, सर. पॅसेंजर गाडीवर ड्रायव्हर आहेत ते." "मग वडील सुटले. मुलाला हे येतं ते आईकडून. तिला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण ती ते पुढे देते." आणि आईच्या वर्तुळात मधोमध एक ठसठशीत ठिपका. शास्त्र शंभर टक्के बरोबर. त्या पोराला लहानपणापासून वडिलांसारखं इंजिनावर चढायचं होतं, ते आता कधीच होणार नव्हतं, आणि हे त्याला टाळ्यांच्या गजरात कळलं होतं. त्याचं हसू हळूहळू गेलं ते मी दारातून बघितलं.

आठवडाभराने त्याची आई लॅबच्या दारात उभी राहिली. सुती साडी, हातात पिशवी. बोलण्यावरून नगरकडची वाटली.

"तुम्हीच का ते सर?"

"हो. या, बसा ना."

"बसायला नाही आले. काय शिकवलंत तुम्ही माझ्या पोराला? घरी येऊन आजीपुढं म्हणाला, आईमुळं माझं इंजिन गेलं. आता माझ्याशी बोलत नाही. सासूबाई माझ्या हातचं जेवत नाहीत. म्हणतात, तुझ्या माहेरानं माझ्या नातवाचं वाटोळं केलं. एरवी नशीब म्हणून गप बसल्या असत्या हो. आता म्हणतात, कॉलेजच्या सरांनीच फळ्यावर काढून दाखवलंय."

सर खडू हातात धरून उभेच. "यात तुमची काही चूक नाही, बाई. हे कुणाच्या हातात नसतं."

"मग हे का नाही सांगितलं त्याला? तेवढंच नेमकं कसं राहिलं?"

 सरांनी खडू फळ्याखाली ठेवला, हात झटकले. म्हणाले, "मी घरी येतो. सगळ्यांना नीट समजावतो." आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्हीही चला. मला असं घरगुती बोलता येत नाही." झालं! माझं कुकर लावायचं राहिलंच त्या दिवशी.

ठाकुर्लीच्या बाजूला त्यांचं रेल्वे क्वार्टर होतं, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून यार्ड आणि सिग्नल दिसत होते. आजी खाटेवर, वडील बनियनवर खुर्चीत, मुलगा भिंतीला टेकून खाली बघत. सरांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून तक्ता काढला. मला वाटलं, आता ते समजावणार की आईकडून आलं तरी आईचा दोष कसा नाही. पेन्सिल आईच्या वर्तुळापाशी गेलीही. तेवढ्यात आजी म्हणाली, "दावा, दावा. तिच्या माहेरचंच ना?" आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. तिचा हात थांबला. आणि सरांनी ठिपका दिला तो वडिलांच्या चौकोनात.

"वर्गात घाईत माझं चुकलं," सर म्हणाले. "हे तुमच्याच घराण्यातून आलंय, आजी. सुनेकडून नाही."

बाई गं! अर्ध्या मार्कासाठी प्रिन्सिपॉलला न जुमानणारा माणूस! मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आजी एकदम गप्प झाली. मुलाने तक्त्याकडे बघितलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग आईने चहा पुढे केला तो त्याने तिच्या हातातून घेतला.  आम्ही निघताना वडिलांनी एवढंच विचारलं, "म्हणजे ते माझ्यात पण आहे?"

"असेल थोडंफार," सर चपला घालता घालता म्हणाले. "त्याने काही बिघडत नाही."

रिक्षात सरांनी पेन्सिल खिशात भिंगाशेजारी ठेवली. मग म्हणाले, "आज मी शून्य मार्कांचं उत्तर दिलं, मॅडम." मी म्हटलं, "बरं केलंत." आणि मला खरंच बरं वाटत होतं. घरी जाऊन मी शिळ्या पोळ्यांवर भागवलं आणि कुणी काही बोललं तर बोलू दे म्हटलं.

त्यानंतर महिना-दीड महिना गेला असेल. ती बाई पुन्हा लॅबमध्ये आली. या वेळी न सांगता स्टुलावर बसली.

"हे गाडीवर जात नाहीत, सर."

तिने सांगितलं ते ऐकताना सरांचा चेहरा उतरत गेला. तिच्या नवऱ्याला आपल्या डोळ्यांचीच खात्री वाटेनाशी झाली होती. सिग्नल आला की तो असिस्टंटला दोन-दोनदा विचारायचा, हिरवाच आहे ना? कसाऱ्याच्या अलीकडे हिरव्या सिग्नलला त्याने भरलेली गाडी थांबवली. असिस्टंट ओरडला, अहो हिरवा आहे, हिरवा! तर हा नुसता घाम पुसत बसला. शेवटी आजारी म्हणून रजा टाकून तो घरी बसला होता.

"दिवसभर खिडकीत असतात. यार्डातला सिग्नल बघतात नि मला हाक मारतात, आता कुठला लागलाय गं? मी गॅस बंद करून येते, सांगते, लाल आहे. म्हणतात, मला पण लालच दिसला. परत जरा वेळानं हाक."

"रेल्वेच्या डॉक्टरांना दाखवा," मी म्हटलं.

"दाखवायलाच भितात, मॅडम. नापास केलं तर इंजिन सुटलं. दुसरं काय येतं त्यांना? आणि असंच बसले तरी कधीतरी बोलावतीलच. नोकरी गेली तर क्वार्टर पण गेलं."

सर उठले, कपाटातून ते ठिपक्यांचं पुस्तक काढलं. "आजच येतो. सगळे आकडे ते बरोबर वाचतील. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की खात्री पटेल. बाकी कुणाला काही सांगायची गरज पडणार नाही." हे शेवटचं वाक्य त्यांनी तिला सांगितलं की स्वतःला, कोण जाणे.

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या खोलीत. ड्रायव्हर वाळला होता, दाढी वाढलेली. सर एकेक पान उलटत गेले आणि तो एकेक आकडा वाचत गेला. एकही चुकला नाही. सर म्हणाले, "बघा! डोळे स्वच्छ आहेत तुमचे."

त्याने पुस्तक मिटलं. "आज दिसलं, सर. उद्याचं काय? तुम्हीच म्हणालात, आत आहे. घाट उतरताना ते बाहेर आलं तर? मागं डब्यांत माणसं असतात हो."

"तसं होत नाही."

"का होत नाही?"

त्याला एकच उत्तर होतं. ते दिलं असतं तर ठिपका पुन्हा त्या बाईवर जाणार होता. सर माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार, कपाळ? मी जमिनीकडे बघत बसले.

"सर, खरं सांगून टाका."

ती स्वयंपाकघराच्या दारातूनच बोलली. "वर्गात तुम्ही बरोबरच शिकवलं होतं. हे माझ्याकडनंच आलंय. मला पहिल्यापासून माहिती होतं. आमच्या आबांना मिरचीच्या रानात पिकलेली नि हिरवी कळायची नाही. तोडणीला आम्ही त्यांना येऊच द्यायचो नाही, हसायचो त्यांना." मग नवऱ्याकडे वळली. "तुमच्यात काही नाहीये. सर माझ्यासाठी खोटं बोलले."

 ड्रायव्हरने सरांना विचारलं, "खरं का?"

"खरं आहे," सर म्हणाले. "तुमच्याकडून मुलाला हे येऊच शकत नाही. तुमच्या डोळ्यांत ते नाही, नव्हतं आणि कधी येणार नाही." 'शक्यता' हा शब्द न वापरता सरांनी एवढं मोठं वाक्य बोललेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्या माणसाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडला. मोठा माणूस असा रडताना बघवत नाही. मग उठला, खिडकीशी गेला, बाहेर बघितलं आणि कुणालाही न विचारता म्हणाला, "हिरवा." नंतर हसायलाच लागला. "चहा टाक गं सगळ्यांना. साखर जास्त घाल." तिच्याकडे न बघताच बोलला तो. मुलगा उठून गॅलरीत निघून गेला. आजी म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होते?"

सर तिच्यासमोर जाऊन अक्षरशः खाली बसले. "आजी, ऐका. त्यांच्याकडून आलं, पण यात त्यांचा दोष नाही. त्यांनी काही केलेलं नाही. हे नुसतं येतं, कुणाला सांगून येत नाही."

"असू द्या हो मास्तर," आजी म्हणाली. "मागच्या बारीला पण तुम्ही असंच काहीतरी सांगितलं होतं."

चहा न घेताच आम्ही निघालो. सरांना एकेक पायरी उतरणं जड जात होतं. मला त्यांचा राग आलेला, त्या आजीचा आलेला, त्या पोराचा तर फारच, आणि सगळ्यांत जास्त कुणाचा आला होता ते माझं मलाच कळत नव्हतं. खालच्या मजल्यावर पोचलो तर मागून पावलं वाजली. तीच होती, हातात सरांचं पुस्तक. "राहिलं तुमचं."

सरांनी पुस्तक घेतलं. "बाई, माझ्यामुळे तुम्हाला..." 

"वाईट वाटून घेऊ नका, सर. हे उद्या ड्युटीवर जातील, मला पुष्कळ झालं." ती वर जायला वळली, दोन पायऱ्या चढली आणि थांबली. "आणि तुम्ही पहिल्यांदा येऊन गेलात ना, यांचं हे सुरू व्हायच्या आधीचे दिवस, ते लई चांगले गेले माझे. सासूबाईंनी एकदा मला विचारलं पण, जेवलीस का म्हणून."